भावोजींचा अंगठा

बाहेरच्या खोलीत आईचा एकच फोटो लावलेला आहे आणि तो भावोजींनी काढलेला आहे. दुसऱ्या कुठल्या घरात या गोष्टीचं कुणाला काही वाटलं नसतं. पण या घरातला मुलगा वर्षानुवर्षं गळ्यात कॅमेरा अडकवून फिरला होता. नातेवाईक, शेजारी, दुकानातली माणसं, सगळी त्याला 'कलाकार' म्हणूनच हाक मारायची. अशा घरात भिंतीवर फोटो असावा तो भावोजींच्या हातचा, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि फोटो तरी कसला. भाचीच्या शाळेतल्या समारंभात फोनवर घाईघाईने काढलेला. बाजूची माणसं कापून तो मोठा केला, तेव्हा सगळा दाणेदार झाला. खालच्या कोपऱ्यात गुलाबी गोळा दिसतो, तो भावोजींचा अंगठा. फ्रेमवाला म्हणाला होता, हा कोपरा छाटून टाकू. पण छाटला तर आईचा खांदाही जात होता, म्हणून अंगठा राहिला. आणि आई त्यात अशी डोळे फाडून बघतेय, की गॅसवर दूध उतू गेल्याचं कुणीतरी तिला त्याच क्षणी सांगितलं असावं. येणारे-जाणारे म्हणतात, "अशी नव्हती हो ती." खरंच नव्हती. आई हसली की तिचे डोळे पार नाहीसे व्हायचे. भावोजींनी तिला दचकवलं असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि भावोजी इतके गरीब स्वभावाचे की त्यांनीही ते मान्य केलं.

कलाकाराची नोकरी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत. नंबराच्या काचा घासून फ्रेमला बसवायच्या. काचेला केसाएवढा चरा दिसला की ती सरळ टोपलीत. गिऱ्हाइकाला तो चरा जन्मात दिसला नसता, पण याला दिसायचा. मालक चारचौघांत सांगायचा, याच्या हातून खोट सुटत नाही. दहा तास काचा पारखून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी तीच नजर कॅमेऱ्याला लावायचा.

सुट्टीच्या सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून छान तिरका उजेड यायचा. त्या खिडकीशी एक लाकडी खुर्ची होती, आणि खुर्चीवर आई. ती मटार सोलायची, सुईत दोरा ओवायची, कधी नुसतीच बसायची. हा तिचे हात काढायचा. उजेडाकडे पाठ करून बसवून तिचा पांढरा अंबाडा काढायचा. खिडकीत ठेवलेला तिचा चष्मा आणि पलीकडे पुसट आई, असंही काढायचा. छायाचित्रकारांच्या मंडळात त्यातल्या एका फोटोला, मटार सोलणाऱ्या हातांना, पहिलं बक्षीस मिळालं. तिथेच घात झाला.

कारण मग तो हातच काढत सुटला. पुढच्या वर्षी हात, त्याच्या पुढच्या वर्षी हात. परीक्षक म्हणाले, काम स्वच्छ आहे, पण हे आम्ही पाहिलंय. ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने आईला आणखी वेळ बसवायला सुरुवात केली. मान अशी, नाही, तशी, बोटं सैल, हलू नकोस. आईची मान अवघडायची. त्याला फोटो काढण्यातली गंमत केव्हाच संपल्याचं आतून कळत होतं. पण बक्षीस मिळालेला माणूस गंमत संपली म्हणून थांबत नाही, तो उलट दात-ओठ खाऊन काम करतो.

या सगळ्याच्या मधे मधे आई वळून थेट कॅमेऱ्यात बघायची, हसायची आणि विचारायची, "आला का?"

हा मागच्या पडद्यावर बघायचा. डोळे मिटलेले, तोंड वाकडं, एक बट कपाळावर. "नाही गं. डोळे मिटलेस."

"मग पुसून टाक बाई तो."

आणि तो तिथल्या तिथे पुसून टाकायचा. कॅमेऱ्याच्या पाठीवर टोपलीचं चित्र असलेलं एक बटण असतं, त्यावर उजवा अंगठा आपोआप जातो. चरा दिसला की काच टोपलीत, डोळे मिटले की आई टोपलीत. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आपल्याकडे कचरा साठत नाही, असं तो मंडळात अभिमानाने सांगायचा.

आई गेली ती अचानक, दुपारच्या झोपेत. घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा ताई, भावोजींची बायको, त्याच्या खोलीत आली आणि म्हणाली, "आईचा एक चांगला फोटो दे, मोठा करायला टाकू." त्याने संगणक उघडला. हात आले. मग आणखी हात. पाठ, अंबाडा, भिंतीवरची सावली, चष्मा, परत हात. ताई आधी रडत होती, मग रडायची थांबली.

"एवढे हजारो हात काढलेस रे," ती हळूच म्हणाली. "तोंड एकसुद्धा नाही?"

"काढायचं राहून गेलं," तो म्हणाला.

हे खोटं होतं. राहून काही गेलं नव्हतं. काढलं होतं, कितीदा तरी काढलं होतं, आणि पुसलं होतं. पण राहून गेलं म्हटलं की माणसं हळहळतात, पुसलं म्हटलं तर काय करतील याची त्याला कल्पनाच करवेना. ताईने शेवटी भावोजींच्या फोनमधून तो शाळेतला फोटो शोधला. एकाचा अंगठा फोटोत आला म्हणून घर वर्षभर हसलं. दुसऱ्याच्या अंगठ्याखाली किती फोटो गेले, ते कुणाला कळलंच नाही.

त्याने कॅमेरा कपाटात ब्लँकेटांच्या खाली घातला. मंडळातून फोन आले की म्हणायचा, वेळ नाही. बायकोने एकदा ढकलून त्याला बाहेर काढलं. म्हणाली, माणसं नको असतील तर झाडं काढ, पण घरात असा तोंड पाडून बसू नकोस. तो तळ्यावर गेला. एक झाड काढलं, पडद्यावर नीट बघायच्या आतच अंगठा बटणावर. दुसरं काढलं, तेही गेलं. आपल्याला एके काळी यातलं काही येत होतं, यावरचाच त्याचा विश्वास उडाला. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय काढलंस?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि निदान हे तरी खरं होतं.

भिंतीवरच्या फोटोकडे तो बघायचा नाही. जेवायला बसतानाही पाठ करून बसायचा. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटायचं, आईने डोळे वटारलेत ते आपल्यावरच.

अशातच बाबांच्या जबड्याला गाठ निघाली. बाबांनी सगळी नोकरी बस चालवण्यात काढली होती आणि मागचं सगळं आरशातून बघायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढताना हाडाचा तुकडाही जाईल. जिवाला धोका नाही म्हणाले, पण चेहऱ्याची एक बाजू कायमची बसणार. बाबांनी ते बसचा मार्ग बदलल्याची सूचना ऐकावी तसं ऐकून घेतलं. मग सगळे जमलेले असताना म्हणाले, "त्याआधी माझा एक फोटो काढ. हिच्या शेजारी लावायला."

"बाबा, असलं काही बोलू नका," ताई म्हणाली.

"मरतो म्हणालो का मी? तोंड बदलणार आहे. जुनं एक असू दे घरात."

कलाकार जमिनीकडे बघत म्हणाला, "भावोजी काढतील की."

भावोजींनीच मग आपला अंगठा वर करून दाखवला आणि म्हणाले, "मेहुणे, मी काढीन हो. पण हाही येईल बरं का." ते एकटेच हसले.

"तूच काढायचास," बाबा म्हणाले.

त्यानंतर याने काय काय कारणं शोधली. चार्जर सापडत नाही. आज आभाळ आहे. आज ऊन फार कडक आहे. ताई फोनवर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय." त्याला भीती होती ती फोटो वाईट येण्याची नव्हती. बाबा समोर बसतील, विचारतील आला का, आणि आपला अंगठा आपल्या आधी उत्तर देईल, ही भीती होती. आणि आता तर दुसरी संधीही नव्हती. पुसलेला चेहरा नंतर पुन्हा काढू म्हणायची सोय डॉक्टरांनी ठेवली नव्हती.

दवाखान्यात जायच्या आदल्या सकाळी तो स्वयंपाकघरात आला, तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी आईच्या खुर्चीवर बसलेले. ओट्यावर कॅमेरा. ब्लँकेटांखालून त्यांनीच काढला होता आणि सुनेकडून चार्जही करून घेतला होता. ती चहा गाळत होती. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "चार्जर सापडला." आणि चहा घेऊन बाहेर गेली.

पळायला जागा नव्हती. त्याने कॅमेरा उचलला. तो त्याला आठवत होता त्यापेक्षा जड होता. सवयीने म्हणाला, "बाबा, जरा खिडकीकडे वळा. मान अशी." त्या बाजूने गाठ सावलीत जात होती.

"समोरून काढ," बाबा म्हणाले. "लपवायचं असतं तर मफलर गुंडाळला असता."

त्याने समोरून काढला. पडद्यावर बघितलं. बाबांचे डोळे मिटलेले, ओठ काहीतरी म्हणता म्हणता अर्धवट उघडे. अंगठा बटणावर गेलाही होता. त्याने तो उचलला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"काय झालं? डोळे मिटले?"

"हो."

बाबा हसले. "तुझ्या आईचंही तेच व्हायचं. इथून उठून आत आली की म्हणायची, आज पण नापास. मग कपाटाच्या आरशापुढे उभी राहायची. मी कॉटवरून बघायचो ना. हसायची आणि डोळे उघडे ठेवायची, हसायची आणि डोळे उघडे ठेवायची. मी म्हटलं, अगं हे काय चाललंय? तर म्हणाली, तो म्हणतो माझे मिटतात, म्हणून सवय करतेय."

कलाकाराने कॅमेरा खाली घेतला.

"वेडी होती," बाबा म्हणाले. "बरेच दिवस करायची. पुढे जमायलाही लागलं होतं तिला."

स्वयंपाकघराच्या दारातून बाहेरच्या खोलीची भिंत दिसते. इतके दिवस त्याने जिकडे पाठ केली होती तिकडे तो आता बघत होता. कुणी तिला दचकवलं नव्हतं. भावोजींनी फोन वर केला असेल, म्हणाले असतील, आई, इकडे बघा, आणि तिला आठवलं असेल, डोळे मिटायचे नाहीत. सवय केल्याप्रमाणे तिने ते उघडे धरले होते, मुलाने नापास करू नये म्हणून. आणि मुलगा त्या दिवशी तिथे नव्हताच. तो कुठेतरी कुणाचे तरी हात काढत होता.

"बाबा," तो म्हणाला, "आईचे समोरून काढलेले होते. राहून गेले नव्हते. मी ते..."

"पुसलेस. माहीत आहे."

"तुम्ही ताईला नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तीच म्हणायची पुसून टाक, आणि तू पुसलेस. आज्ञाधारक मुलगा." बाबांनी ते चिडून म्हटलं नाही, पण चेष्टेतही म्हटलं नाही. थोडा वेळ त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. "मला तेव्हा वाटायचं, उठून तुला सांगावं, अरे, एखादा ठेव. मग म्हटलं, तुझं काम तुला कळतं. माझंही चुकलंच ते."

त्याला एकदम रडू आलं, आणि ते त्याने आवरलं नाही. सुनेने बाहेरून डोकावून पाहिलं आणि ती मागे सरली. बाबा खुर्चीवर तसेच बसून होते, फोटोसाठी शर्ट नीट ठेवून, हात मांडीवर. त्याच खुर्चीवर, त्याच उजेडात आईची मान अवघडली होती. ते आता कशाने भरून येणार नव्हतं, आणि बाबाही भरून येईल असं म्हणाले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "काढतोस ना? पाठ धरली माझी."

त्याने बाहीने डोळे पुसले, मग काच पुसली. कॅमेरा डोळ्याला लावला आणि उजवा अंगठा पाठीवरून काढून खाली धरला. तसा धरला की कॅमेरा डळमळतो. शिकाऊ माणूससुद्धा असा धरत नाही. त्याने तसाच काढला. बाबांना त्याचं ते अवघडलेपण दिसलं आणि ते हसायला लागले. गाठ वर आली, गाल तिकडे ओढला गेला, डोळे पार नाहीसे झाले. त्याने आणखी एक काढला, आणि हसू ओसरेपर्यंत काढत राहिला.

"आला का?" बाबांनी विचारलं.

त्याने पडद्यावर बघितलं. फोटो जरा हललेला होता. मागे ओट्यावरचा कपडा वाळत पडलेला दिसत होता. असला फोटो मंडळात कुणी दुसऱ्यांदा बघितला नसता.

"आला," तो म्हणाला.

"आणि डोळे?"

"मिटलेत."

"मग?"

"मग काही नाही, बाबा. आला."

हे असं म्हणायला काहीच लागत नव्हतं. त्या खिडकीशी, त्या खुर्चीवरच्या आईला, हे एकदा म्हटलं असतं तर ती उठून आरशापुढे गेली नसती. त्याने कॅमेरा बंद केला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बाबांच्या फ्रेमसाठी आईच्या शेजारची जागा हाताने मोजली.