देविदासचा सा, माझा म

नेकनूरला आप्पा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराई संपली की बाजा पेटीत आणि हातात फावडं. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. त्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. बी.ए. झालो आणि फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर भरती झालो.

आप्पांना नोटेशन येत नव्हतं. मलाही जेमतेमच. पहिल्याच आठवड्यात मी चुकून शेजारचं नोटेशनचं पान समोर घेतलं. बँड एकीकडे, मी भलतीकडे. शेजारी सिरसाळ्याचा देविदास, आल्टो सॅक्सोफोनवाला.

"कामून रं, माझ्या ताटात जेवतो?"

ब्रेकमध्ये त्याने मला हार्मोनियमपुढे बसवलं.

"पानावर सी लिवलाय. इथं पांढरी एक. तुझ्या क्लॅरिनेटमधून तोच सी काळी पाच होऊन निघतो, माझ्या सॅक्समधून काळी दोन. म्हणून परत्येकाचं पान येगळं. माझा सी वाजवायचा तर तू एफ धर."

"म्हणजे तुझा सा तो माझा म?"

"बी.ए. झालाय खरा."

लढाईत बँडवाले स्ट्रेचर उचलतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. सीमेवर एका जखमी जवानाला खाली आणताना नाईक देविदास गेला. जवान वाचला.

युनिटच्या श्रद्धांजलीला त्याची आई येणार होती. एका धुनेत देविदासचा सोलो होता, सोळा बारचा, म्हणजे पानावरच्या सोळा खणांचा. दुसरा सॅक्सवाला रजेवर. सकाळी ०९०० वाजता सुभेदारसाहेबांनी त्याचं पान माझ्यापुढे ठेवलं.

"१६०० ला परेड. पान त्याचं, बाजा तुझा. जमेल?"

"जमेल, साहेब. सी दिसला की एफ."

कोरं पान घेतलं. एकेक सूर मोजून माझ्या क्लॅरिनेटसाठी उतरवला. बाराव्या बारवर त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'इथं घाई न्हाई.' तेही उतरवलं.

१६०० वाजता उभा राहिलो. बाराव्या बारला घाई केली नाही.

परेड सुटल्यावर देविदासच्या आईच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या क्लॅरिनेटकडे बघितलं.

"बाजा दुसरा हाय," त्या म्हणाल्या. "पण देवा सुट्टीवर आला की शिट्टीवर हेच वाजवायचा. असंच. तिथं जरा थांबायचा."

त्या दिवशी नाईक देविदासचे सोळा बार त्याच्याच सुरात वाजले. एकही सूर चुकला नाही.