मिस्त्रींचा पाय चुकला नव्हता

भाचीच्या साखरपुड्यासाठी मी बोरीला गेलो होतो. पंक्ती उठत होत्या, तेवढ्यात परभणीच्या मोटारीने आलेल्या आमच्या कारखान्यातल्या एका कामगाराने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, माणिक मिस्त्री छपरावरून पडले. मी विचारलं, कोणत्या छपरावरून? विचारताच माझी मलाच लाज वाटली. मिस्त्रींनी जिल्ह्यात कितीतरी छपरं घातली होती, पण माणूस पडावा असं त्यांतलं एकच होतं. मी परत येईपर्यंत ते गेले होते. त्याला आता दीड महिना झाला.

माणिक मिस्त्री मूळचे झरीचे. पत्र्याचं काम ते रेल्वेच्या वर्कशॉपात शिकले आणि पुढे आमच्या साबणाच्या कारखान्यात आले. मी तिथे भांडारपाल. मांडीवर कायम पुस्तक असायचं म्हणून ते मला मुनशीजी म्हणत, आणि त्यात आदर किती होता हे मी कधी तपासून पाहिलं नाही. ‘‘तुमी पुस्तकं वाचता, मी गंज वाचतो,’’ असं ते म्हणायचे. ते खरंही होतं. खरवडलेल्या पत्र्यावरून बोट फिरवून तो किती पावसाळे काढील हे ते सांगत, आणि ते बहुधा बरोबर निघे. मी वाचलेल्या पुस्तकांपैकी एकाचाही मला असा काही उपयोग झालेला नाही.

दुकानदाराच्या तोंडावर विसंबून त्यांनी कधी पत्रा पसंत केला नाही. साबण शिजवण्याच्या आमच्या शेडचं जुनं कवेलूचं, कौलारू छप्पर गळायला लागलं आणि बदलायचं ठरलं, तेव्हा त्यांनी तीन पत्र्यांच्या वीतवीतभर पट्ट्या कापल्या आणि कढईवर तारेने टांगल्या. एक जस्ती पत्र्याची, एक ॲल्युमिनियमची आणि तिसरी साध्या काळ्या लोखंडाची, दोन्ही अंगांना डांबर फासलेली. तेलात कॉस्टिक सोडा पडला की कढईतून जी वाफ उठते ती डोळ्यांना झोंबते, आणि छताला लागली की तिथेच चिकटून बसते. ती कोणत्या धातूला खाते आणि कोणाला सोडते हे मिस्त्रींना पाहायचं होतं. त्या पट्ट्यांना ते जावई म्हणत. ‘‘मांडवात सगळेच जावई चांगले दिसतेत, मुनशीजी. चार महिने मुक्कामाला ठेवून बघावं.’’ चार महिन्यांनी जस्ती पट्टीवर पांढरी भुकटी धरली होती. ॲल्युमिनियमच्या पट्टीतून पलीकडचा उजेड दिसत होता. काळी पट्टी होती तशीच होती.

इथे अडचण अशी झाली की हैदराबादचं राज्य नुकतंच मोडलं होतं, आपण मुंबई राज्यात गेलो होतो आणि नव्या छपराच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. आमच्या अध्यक्षांना चकाकणारं छप्पर हवं होतं. ॲल्युमिनियम गंजत नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि तसं ते खोटंही नव्हतं. खात्री पटवायला त्यांनी त्याचा एक तुकडा टेबलावर पाण्याच्या पेल्यात आठ दिवस ठेवला. तुकडा चमकत राहिला. मिस्त्री म्हणाले, ‘‘साहेब, पेल्यात साबण कुठं शिजायलाय?’’ आणि काळ्या पत्र्याचं नाव काढलं. अध्यक्ष म्हणाले, ‘‘काळं छप्पर? मंत्री उद्घाटनाला येतायत, दहाव्याला नाही.’’ सगळे हसले. मीही हसलो.

मिस्त्रींनी हट्ट सोडला नाही. संचालकांची बैठक कारखान्यातच भरणार होती. त्यांनी शेडमध्ये येऊन पट्ट्या स्वतः पाहाव्यात एवढं मिस्त्रींनी कबूल करून घेतलं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांचे चुलते वारले आणि त्यांना झरीला जावं लागलं. संध्याकाळी अध्यक्ष शेडमधून फिरले, कढईवरचं ते लटकणं पाहिलं, आणि हा उतारा कोणी टांगलाय, काढून टाका, असं मला म्हणाले. मी काढला. दुसऱ्या दिवशी संचालक आले, त्यांनी स्वच्छ शेड पाहिली, चमकता तुकडा पाहिला आणि चहा येण्याआधी ॲल्युमिनियम मंजूर केलं. झरीहून परतल्यावर मिस्त्री रिकाम्या तारेकडे बघत उभे राहिले. मी सांगितलं, आदेश होता. ते म्हणाले, ‘‘आदेशाला हात असतेत का, मुनशीजी?’’ ...त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. छप्पर त्यांनीच घातलं, आणि नीट घातलं.

उद्घाटनाच्या दिवशी ते असं झळाळलं की मंत्र्यांना डोळ्यांवर हात धरावा लागला. भाषणात त्यांनी तो नव्या युगाचा प्रकाश असल्याचं सांगितलं. ते युग दोन पावसाळे टिकलं.

यंदा मृगाच्या आधी मिस्त्रींनी पत्रा बदला म्हणून अर्ज दिला. उत्तर आलं, ठिगळं लावा. जोडीदारांना त्यांनी खाली उभं केलं, शिडीपाशी वहाणा काढल्या आणि स्वतः चढले. छपरावर चालायचं तर बोल्टांच्या रांगेवरून, कारण खाली लाकूड असतं, हे ते प्रत्येक नव्या माणसाला शिकवत. दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून वर पाहिलं. लोखंडी बोल्ट लाकडात जागच्या जागी उभे होते. त्यांच्या भोवतीचं ॲल्युमिनियम मूठ जाईल एवढं खाल्लं गेलं होतं. धरायला काहीच न उरल्याने अख्खा पत्रा मिस्त्रींसकट घसरला होता.

शोकसभेत अध्यक्षांनी त्यांना उद्योगाचे हुतात्मे म्हटलं. दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर त्याच बैठकीत काळा डांबरी पत्रा मंजूर झाला. विरोध कोणी केला नाही. अपघाताच्या अहवालात मात्र ‘मिस्त्रींनी चुकीच्या जागी पाय ठेवल्यामुळे’ असं वाक्य आहे. मी सही केली नाही. माझ्यावाचून अहवालाचं काही अडलं नाही.

वहाणा शिडीपाशीच राहिल्या होत्या. त्या मी चंद्रभागाबाईंना, त्यांच्या पत्नीला, नेऊन दिल्या. त्यांनी त्या उंबऱ्याबाहेर, ते ठेवायचे तशा जोडून ठेवल्या. कारखान्यातलं वाक्य त्यांच्या कानावर गेलं होतं. नवऱ्याने आयुष्यभर ज्या कामाचा अभिमान धरला, त्याच कामात तो शेवटी चुकला, असं गावभर झालं होतं. त्यांनी मला विचारलं, ‘‘यांचा पाय चुकला व्हता का?’’

मी म्हणालो, न्हाई. पाय बरोबर बोल्टांच्या रांगेवर होता.

‘‘मग काय चुकलं?’’

मी म्हणालो, पत्रा. त्यांना आणखी ऐकायचं होतं, आणि मी घड्याळ पाहून उठलो.

चंद्रभागाबाईंना वाचता येत नाही. छापून आल्यावर हे शेजारचं कोणीतरी त्यांना वाचून दाखवील, त्याआधी मला पोचलं पाहिजे. मिस्त्रींच्या वहाणांशेजारी माझ्या काढीन, आत जाऊन बसेन आणि पट्ट्या कोणी काढल्या ते माझ्या तोंडाने वाचीन... मग त्या म्हणतील ते ऐकून घेईन.