डाव्या बाजूचं शिंग

हरणाचं शिंग दर वर्षी गळतं आणि दर वर्षी नवं येतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं, तेही परसातल्या भिंतीपलीकडून. शाळेत तो धडा असणार. मी तो इंग्रजीत पाठ केला असणार आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिला असणार.

आयर्लंडातल्या टॅलाला आमचं घर रांगेतलं. डाव्या हाताच्या घरात एक निवृत्त बस ड्रायव्हर एकटे राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, एका गुडघ्याने अधू. २०२० च्या वसंतात सरकारने सत्तरीपुढच्यांना घरातच थांबायला सांगितलं, तेव्हा ते दिवसभर परसातल्या लाकडी शेडमध्ये काहीतरी तासत बसायचे. मी मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात होते, तो बंद झाला नाही. शिफ्ट संपवून आले की मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने परसात थांबायची. घरात नवरा लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असायचा आणि सासूबाई टीव्हीसमोर. त्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं.

माझं मुळात बोलणं कमी. मराठीत बोलले की सासूबाई शब्द दुरुस्त करायच्या. इंग्रजीत बोलले की कारखान्यातले लोक कान पुढे करून पुन्हा विचारायचे. शेजारच्यांनी असं काही केलं नाही. ते तासत राहायचे आणि मी बोलले नाही तरी त्यांना चालायचं.

एकदा त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. मी दारातच उभी राहिले, मास्क लावून. आतल्या भिंतीवर आठ खिळ्यांना आठ शिंगं टांगलेली. पहिलं वीतभर, मग मोठी होत गेलेली, शेवटची दोन पुन्हा जराशी लहान. नवव्या खिळ्यावर काही नव्हतं.

"सगळी एकाचीच," ते म्हणाले. "आणि सगळी डावी. एका कुंपणावरून उडी मारतो, धक्क्याने डावं तिथे पडतं. उजवं कुठे टाकतो ते त्यालाच माहीत."

"एकाचीच, हे कसं कळतं?" मी विचारलं. इतका लांब प्रश्न मी त्या आठवड्यात कुणालाच विचारला नव्हता.

त्यांनी बोट दाखवलं. प्रत्येक शिंगाचा सगळ्यात खालचा फाटा वर जायच्या ऐवजी खाली वळलेला होता, गळासारखा. लहानपणी कधी मार लागला असेल, तेव्हापासून दर वर्षी तस्साच उगवायचा.

लोक ही शिंगं का गोळा करतात, हे त्यांनीच सांगितलं. काठीच्या मुठी होतात, सुरीच्या मुठी होतात, जाड कोटांची बटणं होतात. कुणी दारामागे कोट अडकवायला लावतो, कुणी हॉटेलवाल्यांना विकतो, ते दिव्यांची झुंबरं करतात. काहींना नुसता शोधण्याचा नाद असतो, घरी आणून कोपऱ्यात टाकतात. ते स्वतःही काठ्या करायचे, पण दुसऱ्या हरणांच्या शिंगांच्या. या हरणाच्या शिंगाला त्यांनी कधी कानस लावली नव्हती.

"गळलेलं शिंग मिळालं म्हणजे तो हिवाळा काढून जिवंत निघाला," ते म्हणाले. "मेलेला शिंग टाकत नाही. ते डोक्याला तसंच राहतं."

रिकामा खिळा त्या वर्षीचा होता. त्या वसंतात त्यांना डोंगरावर जाता आलं नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, ते कोविडमुळे पुढे गेलं आणि पुढेच जात राहिलं. हरणाला त्यांनी शेवटचं पाहिलं होतं २०१९ च्या शरदात. तेव्हाच ते म्हातारं झालं होतं.

२०२१ च्या मार्चमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायचा नियम होता. ते कुंपण आमच्या घरापासून चारच्या आत होतं. त्यांनी मला भिंतीवरून विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे न बघता हातातल्या लाकडाकडे बघितलं. त्यांनाही मागणं जड जात होतं, हे माझ्या लक्षात आलं. कुंपण ज्याचं त्या शेतकऱ्याला ते फोन करणार होते. मला फक्त जाऊन बघायचं होतं. "एवढंच कळलं पाहिजे," ते म्हणाले. "आहे की गेला."

मी मान खाली घालून चालते म्हणून लहानपणापासून बोलणी खाल्ली आहेत. शिंगं शोधायला मान खालीच लागते. चार सुट्ट्या मी त्या उतारावर काढल्या. गवत, चिखल, मेंढ्यांची लोकर, पाइनच्या वाळक्या फांद्या. प्रत्येक फांदी शिंगासारखी दिसायची. पाचव्या वेळी, एप्रिलमध्ये, कुंपणापासून दहा पावलांवर जी फांदी वाटली ती फांदी नव्हती. भिजून काळपट झालेली, वाटलं होतं त्याहून जड. खालचा फाटा खाली वळलेला. बूड ताजं होतं, खडबडीत आणि पांढरं. मी तिथे एकटी होते आणि मोठ्याने हसले. तसं मी हसत नाही.

मी ते जॅकेटमध्ये गुंडाळून सॅकमधून आणलं. त्यांचं दार वाजवलं. ते घरी नव्हते, लशीचा दुसरा डोस घ्यायला गेले होते. दुसऱ्या दिवशी माझी पहाटेची शिफ्ट होती. मी शिंग पुसून स्वयंपाकघराशेजारच्या प्रेसमध्ये, वॉशिंग पावडरच्या मागे ठेवलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आता मीही म्हणते. आल्यावर देऊ, असं ठरवून झोपले.

आले तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर पांढरा भुसा. नवऱ्याने हॅकसॉने शिंगाचे बोट-बोटभर तुकडे केले होते. त्याने नेहमीसारखे नीट, एकसारखे कापले होते. सासूबाई जमिनीवर बसून एक तुकडा उगाळत होत्या.

"अगं, असलं सोनं घरात आणलंस आणि साबणामागे दडवून ठेवलंस?" त्या म्हणाल्या. खरंच खूश होत्या. "साबरशिंग आहे हे. आमच्याकडे कोयनेच्या अंगाला धनगर आणून द्यायचे. आता बघायला मिळत नाही, सरकारची बंदी आहे. छातीत कफ असू दे, बरगडी दुखू दे, दोन वेळा उगाळून लावलं की काम झालं."

"आई, ते शेजारच्यांचं आहे."

"शेजारच्यांचं? डोंगरात पडलेलं शेजारच्यांचं कसं झालं?"

"मी त्यांच्यासाठी आणलं होतं."

नवरा आवरत होता. "अगं, त्यात काय. ऑनलाइन ढीगभर मिळतात, एक मागवून देऊ त्यांना. याच्यापेक्षा मोठं."

"तसं नाही ते," मी म्हणाले.

"मग कसं?"

एक हरीण जिवंत आहे, त्याचा हा पुरावा होता, हे वाक्य मी मनात दोन्ही भाषांत जुळवून बघितलं. दोन्हींत ते त्या टेबलावर हास्यास्पद वाटलं. मी विचारलं ते एवढंच, की तो सँडलवुडचा दगड यासाठी कशाला वापरला.

"सहाण म्हणतात त्याला," सासूबाई म्हणाल्या. "कॉन्व्हेंटात शिकवत नाहीत वाटतं."

नवरा हसला. मी वळलेला फाटा शोधला. तोच त्यांनी आधी उगाळायला घेतला होता, धरायला सोयीचा म्हणून. त्याचं टोक झिजून सपाट झालं होतं.

ते दिवस असे होते की घरोघरी भारतातून फोन यायचे. कुणाचा काका गेला, कुणाची मावशी ऑक्सिजनवर होती. हात चालवायला काहीतरी लागायचं. सासूबाईंनी मराठी ग्रुपवर फोटो टाकला आणि आठवड्याभरात आमच्या दारात पाचसहा जण येऊन तुकडे घेऊन गेले. एकीने तर डॉक्टरेट असून, औषधांच्या कंपनीत नोकरी असून पोरासाठी नेला. "सायन्स सायन्सच्या जागी, आजी आजीच्या जागी," असं म्हणून हसली. नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, "हिने शोधलं बरं का. स्वतः डोंगर चढून." इतकं कौतुक माझं त्या घरात त्याआधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्यातलं थोडं मला आवडलं.

शेजारच्यांनी त्या आठवड्यातच भिंतीवरून विचारलं. "काही?"

खरं सांगायचं तर सासूबाई सांगाव्या लागणार, सहाण सांगावी लागणार, छातीवरचा लेप सांगावा लागणार. ते ऐकताना एका आयरिश माणसाचा चेहरा कसा होईल, तो मला आधीच दिसत होता. आपल्या घराची शोभा आपल्याच तोंडून परक्याच्या भाषेत करायची नव्हती. दोन शब्दांत भागत होतं.

"नाही मिळालं," मी म्हणाले.

"ग्रँड," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "अजून वेळ आहे."

मग मी प्रत्येक सुट्टीला डोंगरावर गेले. उजवं शिंग कुठेतरी पडलेलं असणारच होतं, तेवढं मिळालं असतं तर सगळं निस्तरलं असतं. नियम सैल झाले, डोंगरावर माणसं वाढली. माझ्या हाती दोन मेंढ्यांच्या कवट्या आणि एक फुटका फुगा लागला. घरी आल्यावर ते भिंतीवरून बघायचे, मी मान हलवायची. एकदाच नाही, सहासात वेळा मी ते हरीण असं मान हलवून मारलं.

मे संपला. मेनंतर कुठल्याच हरणाच्या डोक्यावर जुनं शिंग राहत नाही.

"गेला तो," ते जूनमध्ये म्हणाले. आवाज साधाच होता, बस चुकल्यासारखा. "नोव्हेंबरात टिपला असेल कुणीतरी. तू मात्र बिचारी चढ-चढ चढलीस."

जुलैमध्ये सासूबाईंना विमान मिळालं. जाताना त्यांनी मला जवळ घेतलं आणि उरलेला शेवटचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "कस्टमवाले धरतील. तुझ्याकडेच असू दे, पुढे-मागे बाळाला लागेल." त्या आठवड्यात मी शेजारच्यांना विचारलं, ऑपरेशनचं काय झालं.

"आली होती तारीख. सोडली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हटलं. दुकानापर्यंत हा गुडघा नेतो मला. तेवढंच जायचंय."

त्या दिवशी मी घरात आले. मग तुकडा घेतला आणि त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी आत घेतलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. एप्रिल, कुंपणापासून दहा पावलं, वळलेला फाटा, बूड ताजं होतं, तो जिवंत होता, निदान एप्रिलपर्यंत तरी नक्की होता. सासूबाईंचं सांगितलं, करवतीचं सांगितलं. एवढं सलग मी इंग्रजीत कधी बोलले नव्हते. शब्द अडखळत होते आणि मी त्यांच्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मग हात पुढे केला.

त्यांनी तुकडा घेतला, चष्मा लावला, उजेडात धरला. दोन्हीकडून कापलेला, एका बाजूने उगाळून गुळगुळीत झालेला, अंगठ्याएवढा तुकडा. त्याच्यावर कुणाचीही खूण नव्हती.

त्यांनी चष्मा काढला. चेहरा मऊ झाला होता.

"पेट शॉपमधलं आहे गं हे," ते हळूच म्हणाले. "कुत्र्यांना चघळायला देतात. असंच कापून, घासून विकतात."

"नाही. मला मिळालं. खरंच मिळालं."

"मग एप्रिलमध्येच सांगितलं असतंस."

याला माझ्याकडे उत्तर होतं. ते मी आत्ताच दिलं होतं.

"म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून किती ते," त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली. "मनाची चांगली आहेस. पण खोटं बोलणं तुला जमत नाही. सगळं जमिनीकडे बघून बोललीस."

ते भिंतीला धरत किटली लावायला गेले. चहा घेतेस ना, असं आतून विचारलं. मी हो म्हणाले आणि बसले.