ताजी टहाळी

श्रावण सरताना सापगावला जाऊन आले, तीच सुमनवहिनींची शेवटची भेट. माझी थोरली जाऊ. ओटीवरच्या खाटेवर पडून होत्या, पाय सुजलेले. मी दुखणं विचारलं तर हात झटकला. म्हणाल्या, "ते डॉक्टर बघतायत. तू सांग, फाट्यावर टहाळी कोण टाकतंय गो?" मला ठाऊक नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं... पुढच्याच आठवड्यात मुरबाडच्या घरी फोन आला, वहिनी गेल्या. कुकर उतरवला, गॅस बंद केला आणि निघाले.

टहाळीचं सांगायला हवं. आमच्या गावामागून एक वाट निघते. आधी भातशेतीचे बांध, मग पाणथळ चोंढा, मग सागाचं रान, आणि पलीकडं पाडा. गुरं, सायकली, मोळीवाल्या बाया, सगळे त्याच वाटेनं. चोंढ्यापाशी तिला दोन फाटे फुटतात. उजवा उंचावरून जातो. डावा जवळचा, पण पावसापासून दिवाळीपर्यंत तिथं माणूस मांडीपर्यंत रुततो आणि वरून नुसतं हिरवं गवत दिसतं. म्हणून पुढं गेलेल्यानं मागच्यांसाठी डाव्या फाट्यावर कुड्याची टहाळी आडवी टाकायची, वर दगड ठेवायचा. टहाळी दिसली की त्या फाट्यानं जायचं नाही. पानं सुकली की लोक जुनी खूण समजून ओलांडतात, म्हणून ती ताजी हवी. हे काम कुणी सांगितलेलं नसतानाही वहिनींनी अंगावर घेतलं होतं. नव्वदच्या दशकात मी पाड्यावरच्या शाळेत शिकवत होते आणि त्या तिथल्याच अंगणवाडीत होत्या. रोज जोडीनं जायचो. मला घाई असायची. "शाळा कुठं पळून जात नाय गो," म्हणत त्या वाकून दगड शोधत बसायच्या.

पुढं माझी बदली मुरबाडला झाली. गावाकडं मुंबईच्या लोकांनी फार्महाऊससाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली. रानाच्या तोंडाशी एका डॉक्टरांनी जागा घेतली आणि वाटेवरच तारेचं कुंपण घातलं. पाड्यावरचा आजारी माणूस डोलीत घालून याच वाटेनं आणायचे. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो. गावात नुसती चर्चा झाली. वहिनी मात्र रोज कुंपणापर्यंत चालत जायच्या आणि राखणदाराला हाक मारायच्या, "अरे, दार कुठं ठेवलंस?" एका रविवारी खुद्द डॉक्टरच भेटले. मी सुट्टीला आले होते, सोबत होते.

"बाई, ही खासगी जागा आहे."

"तुमची जागा तुमालाच राहू दे साहेब. आमी नुसते चालतो. वाट चालली नाय तर रान तिला गिळतं. उद्या तुमालाच फिरायला ही वाट लागेल. या, दाखवते."

ते आले, हे मला अजून नवल वाटतं. चोंढ्याच्या कडेला त्यांचा पाय घसरला आणि एक बूट आतच राहिला. वहिनी म्हणाल्या, "ठेवून घेतला तुमचा बूट. आता परत यायला लागणार." डॉक्टर एका पायावर उभे राहून हसत सुटले. महिन्याभरात कुंपणात बैलगाडी जाईल एवढी मोकळी जागा सोडली गेली.

मग शनिवार-रविवार डॉक्टरही चालू लागले. वहिनींचं बघून टहाळी टाकायला शिकले, पण उलटी. इकडून जा, अशी खूण समजून त्यांनी ती चांगल्या फाट्यावर टाकली. त्याच दिवशी पाड्यावर मुलगी बघायला पाहुणे आले होते. टहाळी पाहून ते शहाण्यासारखे डावीकडं वळले आणि कमरेपर्यंत चिखल घेऊन पोचले. "साहेब, पोरगी दाखवायची होती, तुमी चोंढा दाखवलात!" वहिनींनी पुढं कैक दिवस त्यांना यावरून छळलं. लग्न मात्र जमलं.

वहिनींच्या जलदानविधीला पाड्यावरची माणसं आली, ओल्या पायांनी, पण चिखल फक्त घोट्यापर्यंत. म्हणजे फाट्यावर खूण असणार, हे माझ्या लक्षात आलं. जेवणं उरकल्यावर भांडी पुतण्यांच्या हवाली केली आणि मी एकटीच फाट्यावर गेले. डाव्या वाटेवर ऐनाची अख्खी फांदी आडवी पडली होती, पानं तजेलदार, माणसाच्या उंचीची. खुणेसाठी एवढी फांदी आमच्या गावात कुणी तोडत नाही. हे काम डॉक्टरांचंच. वहिनी असत्या तर म्हणाल्या असत्या, "साहेब, झाडच आणायचं होतंत की..."

दगड तेवढा ठेवायचा राहिला होता. तो शोधून मी वर ठेवला आणि उजव्या वाटेनं पाड्यापर्यंत जाऊन आले.