तळ्याची भेट

पेठ वडगावजवळच्या आपल्या गावात धोंडीरामांनी एकेकाळी निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं. कमरेला वाळका भोपळा बांधायचा आणि पोराला सरळ तळ्यात ढकलायचं, ही त्यांची रीत. पुढं गावाचं सांडपाणी तळ्यात आलं, जलपर्णी माजली, आणि धोंडीराम तिकडं फिरकेनासे झाले.

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजच्या पोरापोरींनी गट पाडून तळं साफ करायला घेतलं. एक गट जलपर्णी ओढायचा, दुसरा सांडपाण्यासाठी शोषखड्डे खणायचा. धोंडीराम रोज काठावर येऊन बसू लागले. कोण कुठल्या दगडावरनं उडी मारायचं, कोण भोकाड पसरायचं, सगळं त्यांना आठवायचं.

एका सकाळी मधोमध पाणी उघडं पडलं आणि धोंडीरामांचे डोळे भरले.

"आजोबा, रडताय व्हय?" गटाची म्होरकी सोनम म्हणाली.

"न्हाय गं. लई वर्सांनी भेटलं की हे! तुला पवाय येतं?"

"न्हाय."

"मग पाणी निवळू दे. हितंच शिकवतो."

पावसानं तळं भरलं. दिवाळीच्या सुट्टीत सोनम भीतभीत पाण्यात उतरली, आणि सत्तरी ओलांडलेले धोंडीराम छातीभर पाण्यातनं ओरडले, "हात मार, हात! मी हाय की!"