गार्गीची नाल्यातली आंघोळ

गेल्या रविवारी आमच्या शेतात रोडगे झाले. यवतमाळहून लोहारा ओलांडून अर्धा तास गेले की शेत लागते... तूर अजून उभी आहे, कापसाची वेचणी सुरू आहे. बांधावरच्या मारुतीला दर हिवाळ्यात रोडग्यांचा नैवेद्य दाखवण्याचा आमच्या घरचा नेम आहे.

यंदा सोबत सून मुक्ता आणि साडेचार वर्षांची नात गार्गी होती. मोकळ्या रानात पोर बागडेल, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे कसे भाजतात ते पाहील, एवढाच सर्वांचा हेतू. माझा हेतू मात्र थोडा निराळा होता.

गार्गी पुण्याहून दहा दिवसांसाठी आली होती. त्याआधी आमची भेट मोबाइलच्या पडद्यावरच. शेजारच्या मांजरापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांशी तिची गट्टी जमली. माझ्याजवळ तेवढी येईना. गोष्ट सांगू लागलो तर कान देऊन ऐकायची, पण दोन हात अंतर राखून... मंगळवारी ती परत जाणार होती आणि अजून एकदाही माझ्या मांडीवर बसली नव्हती.

मुक्ता समजूत घालायची की बाबा, तिला थोडा वेळ द्या. मला वाटे, आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवताना जो धाक बाळगला, तो चेहऱ्यावर कायमचा राहिला असावा. या रविवारी तरी ती जवळ येईल, अशी आशा मनाशी धरून निघालो होतो.

रस्ता आणि शेत यांच्यामध्ये एक नाला आहे. या दिवसांत पाणी घोट्याच्या फारसे वर जात नाही आणि तळाचे खडे स्पष्ट दिसतात. सौ. आणि मुक्ता कणीक-भांडी घेऊन पुढे गेल्या. पलीकडे गोदाबाई गोवऱ्या रचत होती. पंधरा वर्षांपासून आमचे शेत तीच सांभाळते. मागे उरलो मी आणि गार्गी.

तिने शंख वेचले. एक चप्पल पाण्यात सोडून तिची होडी केली, बोटाएवढ्या माशांचा पाठलाग केला... मग दगडांवरून उड्या घेत नाल्याच्या मध्यावर गेली आणि पुढचा दगड लांब आहे असे पाहून थांबली.

मी पाण्यात उतरून हात पुढे केला. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. म्हणाली, "मी आज आंघोळ नाही केली."

थंडी फार म्हणून मुक्ताने तिला तसेच आणले होते, हे खरे. पण त्याचा हात धरण्याशी काय संबंध, हे मला उमगेना. असू दे, ये, असे मी म्हणालो. तिने क्षणभर विचार केला... आणि फ्रॉकसकट पाण्यात फतकल मारली. ओंजळीने तीन-चारदा डोक्यावर पाणी घेतले, उठली आणि निथळत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आजोबा, आता शिवू?"

मला सगळे आठवले. ती आली त्या सकाळी मी सोवळ्यात पूजा करत होतो. ती दारातून धावत आली तेव्हा मी हात उंचावून म्हणालो होतो, शिवू नकोस, आधी आंघोळ. पुढचे दोन दिवसही तेच. पूजा संपली की हा नियमही संपतो, हे तिला कोणीच सांगितले नव्हते. आमच्या घरात ते सांगावे लागते, हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. ती बिचारी आठ दिवस अहोरात्र माझे सोवळे पाळत होती.

मी तिला उचलले. ती कुडकुडत होती, आणि माझ्या पिशवीत नैवेद्यासाठी आणलेली लोकरीची धाबळी होती. सोवळ्याची. पलीकडे नेऊन तीत तिला गुंडाळताना मुक्ता पाहतच राहिली, कारण लग्नाला सात वर्षे होऊनही तिने त्या धाबळीला कधी हात लावलेला नाही.

झाला प्रकार ऐकून गोदाबाई हसली. "नात लय हुशार हाय गुरुजी तुमची. मले हे समजाले दोन वर्सं लागले होते, इनं आठ दिवसांत शिकून घेतलं."

ती थट्टेनेच म्हणाली. मला मात्र ते वाक्य लागले आणि लागायलाच हवे होते. अद्वैतावर मी किती प्रवचने दिली, त्याची गणती नाही...

त्या दिवशी नैवेद्य साध्या धोतरावरच दाखवला, गार्गीला कडेवर घेऊन. जेवताना गोदाबाईला पहिल्यांदाच पंगतीत बोलावले. ती म्हणाली, "पोरीचा आज तुमच्याजवळ बसाचा पयला दिवस हाय, माहं मंग पाहू." तरी आली; थोडी सरकून बसली, पण बसली. गार्गी माझ्या मांडीवर बसून माझ्याच पानातला रोडगा तुपात बुडवत होती.

मंगळवारी पहाटे त्यांना गाडी गाठायची होती. मी स्नान करून सोवळ्यात, पूजेची तयारी करत होतो. गार्गी झोपेतून उठून दारापर्यंत आली आणि पारोशीच थबकली. मी हात पसरले... ती येऊन गळ्यात पडली.

त्या गेल्यावर मी पुन्हा स्नान केले आणि पूजेला बसलो. नियम माझा आहे, तर त्याचा त्रासही मीच सोसावा, एवढे साधे उत्तर इतक्या वर्षांत मला सुचले नव्हते. ते सुचवणाऱ्या बालिकेला मनोमन नमस्कार केला, आणि मग देवाला.