शेवटची आठ पानं

वाचकांवर माझ्या मामेसासऱ्यांइतका मनापासून अविश्वास ठेवणारा ग्रंथपाल गिरगावात दुसरा झाला नसेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. वाडीतल्या एका जुन्या लाकडी घराची रहिवाशांनीच डागडुजी करून तिथं वाचनालय थाटलं होतं, आणि मामा ते बिनपगारी सांभाळत. "मुंबई मिळेल हो," ते म्हणत, "पण दिलेलं पुस्तक परत मिळायचं नाही." यावर त्यांनी इलाज शोधला होता. प्रत्येक रहस्यकथेची शेवटची आठ पानं ते ब्लेडनं सोडवून कपाटात कुलूपबंद ठेवीत. पुस्तक परत आणा, समोरच्या स्टुलावर बसा, मग शेवट वाचा. त्याआधी तोंडी परीक्षा. "काय जावईबापू, खुनी कोण?" मी दरवेळी चुकायचो. मामा इतके खूश होत, की खून त्यांनीच पचवला असावा.

आमच्या तळमजल्यावरच्या काकू पाय मोडून अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांचं पुस्तक परत करून मी शेवट मागितला. "पाय मोडलाय, नियम नाही," मामा म्हणाले.

वार्षिक सभेत मी काकूंच्या पायावर असं भाषण ठोकलं, की दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. खरं तर मला सलत होतं ते माझं दरवेळचं चुकणं. मामांनी चाव्या टेबलावर ठेवल्या. त्या माझ्याकडे आल्या.

मी विजयी वीरासारखा आठ पानं घेऊन काकूंकडे गेलो. त्या हसल्या. "अरे, तू मागायला गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी हरताळ होता ना, तेव्हा तुझे मामेसासरे येऊन मला शेवट वाचून दाखवून गेले. कोणाला सांगू नका म्हणाले, नाहीतर अख्खी वाडी आजारी पडेल!"

मी सगळी पानं खळीनं परत चिकटवली. पुढं एकदा मामा रांगेतून पुस्तक परत करायला आले आणि सवयीनं स्टुलावर बसले.

"मामा, शेवट आता घरीच वाचता येतो."

"वाचला. पण घरी विचारतंय कोण, खुनी कोण म्हणून?"

क्षमा मागायची ती वेळ होती. मागं तीन माणसं उभी होती. मी म्हणालो, "पुढचे."

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची दोन्ही भाकितं खरी ठरली. मुंबई मिळाली, आणि पुस्तकं परत येत नाहीत. स्टूल मी हलवलेलं नाही. चुकूनमाकून कोणी पुस्तक घेऊन आलाच, तर त्याला बसवतो आणि विचारतो, "काय, खुनी कोण?"